वस्तरा खाली ठेवणारे हात

गोंदियात आमच्या मोहल्ल्यात एक ब्युटी पार्लर आहे. वेगळे दुकान नाही, घराचीच पुढची खोली. दाराला जाड पडदा, आत मोठा आरसा, दोन खुर्च्या आणि भिंतीवर मेंदीच्या डिझाइनचा पिवळा पडलेला चार्ट. चालवणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे ‘बाजी’ म्हणतात. तिथे पुरुषांना प्रवेश नाही. म्हणून बाहेर कधीही नकाब न काढणाऱ्या बायका तिथे बुरखा खुंटीला अडकवून निवांत बसतात.

गेल्या वर्षी ईदच्या आदल्या दिवशी बाजी अम्मीला मेंदी लावायला आमच्या घरी आल्या होत्या. बोलता बोलता माझ्या मावसबहिणीचा विषय निघाला. तिचे सासर गावातच होते, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. लग्नाच्या चौथ्या वर्षी एका रात्री ती मोडलेले मनगट दुपट्ट्यात गुंडाळून रिक्षाने माहेरी आली, ती परत गेलीच नाही. तेव्हा आम्हा सगळ्यांना धक्का बसला होता. ते ऐकून बाजींचा हात थांबला. म्हणाल्या, “भाई, मुझे तो पहले से मालूम था. उसके बाल झडे नहीं थे, किसीने खींचे थे. एक जगह पूरा चकत्ता हो गया था. मैं क्या बोलती? मैंने तेल दे दिया.”

मला बाजींचा राग आला नाही. यायला तोंडच नव्हते. त्या वर्षांत बहीण दर जुम्म्याला आमच्याकडे यायची. गोंदियाच्या मे महिन्यातही तिचा दुपट्टा डाव्या बाजूने गच्च ओढलेला असायचा. त्यावरून मी तिची थट्टाही केली होती. बाजींना निदान प्रश्न तरी पडला होता की हे कोणाला सांगायचे. मला तोही पडला नव्हता.

त्यानंतर मी या विषयावर वाचू लागलो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने २०१६ साली एक कायदा केला. तो १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. केस कापणारे, नखांची आणि त्वचेची निगा राखणारे अशा परवानाधारक कारागिरांना परवान्याचे नूतनीकरण करताना एक तासाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. ग्राहक बाईवर घरात अत्याचार होत असेल तर तो ओळखायचा कसा आणि तिला मदतीची वाट दाखवायची कशी, हा त्या तासाचा विषय. पोलिसांना कळवण्याची सक्ती नाही. टेनेसी राज्यानेही २०२२ पासून असेच प्रशिक्षण लागू केले. मी हे एका मित्राला सांगितले तर तो हसला. म्हणाला, “ही अमेरिकन फॅडं. आपल्याकडे न्हाव्याला कोण विचारतो?”

मित्राला ठाऊक नव्हते, पण आपल्याकडे न्हाव्याला विचारले गेले होते. तेही सव्वाशे वर्षांहून आधी, याच महाराष्ट्रात.

वस्तरा आणि विधवा

एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण आणि इतर काही उच्च जातींत नवरा मेला की बाईचे केशवपन केले जाई. बाई म्हणजे अनेकदा दहा-बारा वर्षांची पोर. डोक्यावरचे केस वस्तऱ्याने उतरवायचे, अंगावर लाल आलवण चढवायचे आणि घराच्या मागच्या खोलीत तिला कामाला जुंपायचे. केस वाढले की पुन्हा वस्तरा. तिच्या कुरूप दिसण्यात घराण्याची अब्रू आहे असे मानले जाई.

हे काम घरातले कोणी करत नव्हते, न्हावी करत होता. एरवी ज्या बाईला परपुरुषाच्या नजरेसही पडू द्यायचे नाही, तिच्या डोक्याला हात लावायला बाहेरचा एकच पुरुष आत घेतला जाई, तो न्हावी. धर्माची आज्ञा शास्त्री सांगत, घरातले वडीलधारे ती अमलात आणत, पण रडणारी मुलगी प्रत्यक्ष हाताखाली असायची ती न्हाव्याच्या. तिचे थरथरणे त्याच्या बोटांना कळत होते. आणि तो काय करू शकत होता? तो बलुतेदार. गावाच्या धान्यावर जगणारा. त्याने नाही म्हटले तर बलुते बंद.

जोतीराव फुल्यांनी हा हात ओळखला. १८८४ साली बेहरामजी मलबारी या पारशी सुधारकाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढून देशभरातून मते मागवली. जोतीरावांनी डिसेंबर १८८४ मध्ये आपले मत लिहून पाठवले. त्यात त्यांनी एक हकिकत सांगितली आहे. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला एक तरुण ब्राह्मण विधवा होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. बदनामीच्या भीतीने तिने जन्मलेले मूल मारले आणि तिला जन्मठेप होऊन काळ्या पाण्यावर जावे लागले. त्यानंतर जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ब्राह्मण वस्तीतल्या कोपऱ्याकोपऱ्यांवर जाहिराती चिकटवल्या की विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे. १८८४ पर्यंत तिथे पस्तीस विधवा आल्या होत्या.

याच लेखनात जोतीरावांनी सरकारला एक सूचना केली. ब्राह्मण विधवांचे केस उतरवायला न्हाव्यांना मनाई करावी. म्हणजे शास्त्र्यांशी वाद घालत बसण्यापेक्षा, ज्या हाताशिवाय ही क्रूरता पुरी होऊच शकत नाही तो हातच थांबवावा.

सरकारने तशी मनाई केली नाही. १८५७ नंतर इंग्रज धर्माच्या बाबतीत हात पोळून घ्यायला तयार नव्हते. पण सहा वर्षांनी, १८९० मध्ये, मुंबईत एक सभा भरली. पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंडे यांचा. लोखंडे म्हणजे जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी. ज्या वर्षी त्यांच्या लढ्यातून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, त्याच वर्षातली ही गोष्ट. सभेला जमले होते ते न्हावी, आज ज्यांना आपण नाभिक समाज म्हणतो ते. त्यांनी ठरवले की यापुढे विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. न्हाव्यांचा संप म्हणून ही घटना ओळखली जाते. तिची बातमी इंग्लंडपर्यंत पोचली.

म्हणजे जे सरकारने केले नाही ते कारागिरांनी केले. आपल्या रोजीवर पाणी सोडून केले. दुसऱ्याच्या जातीतल्या, आपल्याला खालचे मानणाऱ्या घरांतल्या मुलींसाठी केले.

त्यांना हे कोणी शिकवले?

कोणी म्हणेल, त्या न्हाव्यांनी कुठे प्रशिक्षण घेतले होते? माणुसकी असली की पुरे. मला तसे वाटत नाही. केशवपन शतकानुशतके चालू होते. वस्तरा धरणाऱ्या इतक्या पिढ्यांत हळहळलेला एकही न्हावी नसेल असे म्हणता येणार नाही. पण एकट्याची हळहळ घरी जाऊन भाकरी खाते आणि झोपते. १८९० मध्ये जे वेगळे होते ते तीन गोष्टींत होते. एक, जे चालले आहे ते धर्म नाही, अत्याचार आहे, हे त्यांना सत्यशोधक चळवळीने नाव घेऊन सांगितले. दोन, नेमके काय करायचे तेही सांगितले, आणि ते त्यांच्या हातातले होते. तीन, ते एकटे नव्हते. एकाचे बलुते तोडता येते, भरल्या सभेचे तोडणे कठीण.

नाव, कृती आणि सोबत. माझ्या मते यालाच प्रशिक्षण म्हणतात. बाजींकडे यातले काहीच नव्हते. त्यांनी पाहिले, त्यांना कळलेही. मग त्यांच्या हातात जे होते ते, म्हणजे तेलाची बाटली, त्यांनी पुढे केली.

त्या सभेचे गुणगान करताना तिची उणीवही सांगितली पाहिजे. प्रथा एका सभेने संपली नाही. विसाव्या शतकातही केशवपने होत राहिली. आणि न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवला तरी त्या मुलीला ‘तुला काय हवे आहे’ असे विचारण्याची त्यांना सोय नव्हती. परक्या जातीचा पुरुष, परके घर. आजच्या पार्लरमध्ये ही भिंत नाही. तिथे बाईसमोर बाई उभी असते, दार बंद असते आणि वेळ असतो. १८९० च्या न्हाव्याला जे करता आले नाही ते बाजींना करता येते.

आपल्या घरांतली नाईन

आपल्या मुस्लिम मोहल्ल्यांना हे नवे वाटू नये. मध्य भारतात न्हाव्याची बायको, म्हणजे नाईन, लग्नघरात उटणे लावायची, नवरीला न्हाऊ घालायची, बाळंतिणीची मालिश करायची. हिंदूंच्या घरात तशीच मुसलमानांच्या. पडद्यातल्या बाईचे अंग नवऱ्याखेरीज पाहणारी बहुधा ती एकटीच. कोणाच्या पाठीवर कसले वळ आहेत हे काझींच्या आधी तिला कळत असणार. तिची जागा आज पार्लरवाल्या बाजीने घेतली आहे. जितका पडदा जाड, तितकी तिची नजर महत्त्वाची.

पण आपल्याकडे दोन कुलपे आहेत. पहिले जुने आहे, ‘घर की बात घर में’. दुसरे नवे आहे. २०१९ मध्ये तात्काळ तीन तलाक गुन्हा ठरवणारा कायदा आला आणि मुस्लिम बाईचे दुःख टीव्हीवरच्या भांडणाचा विषय झाले. तिच्या जखमेपेक्षा तिच्या नवऱ्याच्या नावातच रस असणारे लोक त्या भांडणात पुढे होते. त्यामुळे घरातल्या मारहाणीबद्दल बोलणे म्हणजे कौमची बदनामी, असे सांगणाऱ्यांना आयते निमित्त मिळाले. बाई दोन्हीकडून गप्प केली गेली.

मला या ठिकाणी १८ एप्रिल १९६६ आठवतो. त्या दिवशी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. दलवाईंची सगळी मते मला पटतात असे नाही, आमच्या घरात तर त्यांचे नाव काढले की वाद व्हायचा. पण पुढे १९७० मध्ये त्यांनी संघटना काढली तेव्हा नाव ठेवले मुस्लिम सत्यशोधक मंडळ. जोतीराव आणि लोखंड्यांचाच शब्द. सात बायका म्हणजे हसण्यावारी नेण्याइतका छोटा आकडा. तरी त्या सात जणी एकमेकींच्या सोबत होत्या.

आकडे आपल्याला कौमच्या नावाने गप्प बसू देत नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात लग्न झालेल्या सुमारे चारपैकी एका बाईने नवऱ्याची हिंसा सोसली आहे. यात सगळे धर्म आले. याच सर्वेक्षणात देशभरातल्या हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कोणाकडे मदत मागितली. ७७ टक्के बायकांनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. सांगितले नाही म्हणजे कोणाला दिसले नाही, असे मात्र नाही.

वळ नसले तर?

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी वडसा स्टेशनवर थांबते. वडसा म्हणजे देसाईगंज. तिथल्या पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडून दिले. एक कारण असे दिले की मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

ते प्रकरण घरगुती हिंसेचे नव्हते, पण त्याने शिकवलेला धडा पार्लरच्या खुर्चीलाही लागू आहे. खूण नाही म्हणजे अत्याचार नाही, असे समजू नये. म्हणून जिथे असे प्रशिक्षण होते तिथे दोन्ही गोष्टी शिकवतात. अंगावरच्या खुणा: मुळासकट उपटलेल्या केसांचा चकत्ता, कानामागचे आणि मानेवरचे वळ, काही ताजे तर काही पिवळे पडलेले डाग. गळ्यावर बोटांच्या खुणा असतील तर धोका फार मोठा, कारण गळा दाबणारा माणूस पुढे जीवही घेऊ शकतो. आणि अंगावर न दिसणाऱ्या खुणा: नवरा किंवा सासू दारात ताटकळत उभी राहते, दर पाच मिनिटांनी फोन येतो, केस किती कापायचे हेही बाई फोनवर विचारते, वीस रुपयांचा हिशेब द्यावा लागतो, हात वर झाला की ती दचकते.

आणि मग करायचे काय? ‘सोडून दे त्याला’ असे सांगायचे नाही. बाई घर सोडायला निघते तोच काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो. तिच्या नवऱ्याला बोलावून समज द्यायची नाही. शेजारणीला सांगायचे नाही. ती एकटी असताना हळूच विचारायचे, “घरी सगळं ठीक आहे ना? कोणी त्रास देतं का?” ती नाही म्हणाली तर ताणायचे नाही, दार उघडे ठेवायचे. हो म्हणाली तर विश्वास ठेवायचा. नंबर द्यायचा, पण चिठ्ठी पर्समध्ये सापडली तर मार वाढेल, म्हणून तो तिच्या फोनमध्ये दुसऱ्याच नावाने जतन करून द्यायचा. १८१ ही महिला हेल्पलाइन, आणि जिवावर बेतले तर ११२.

आपला कायदाही आड येत नाही, उलट तो सोबत करतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे. त्यात बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मिळू शकतो. त्याचे कलम ४ मुद्दाम वाचण्यासारखे आहे. हिंसा होत आहे असे वाटण्याला कारण असेल तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही. ‘कोणीही’ या शब्दात आमच्या बाजीही येतात.

असे प्रशिक्षण इथे रुजेल का, ही शंकाही जुनीच. २००० साली मुंबई महापालिका आणि सेहत संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ नावाचे केंद्र सुरू केले. तिथे परिचारिकांना आणि डॉक्टरांना शिकवले गेले की ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणारी प्रत्येक बाई जिन्यावरून पडलेली नसते. आधी कर्मचाऱ्यांना वाटायचे की हे आपले काम नाही. शिकल्यावर ते त्यांच्या कामाचा भाग झाले. हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी रुग्णालयात चालणारे देशातले ते पहिले केंद्र. जे पट्टी बांधणाऱ्या हातांना शिकवता येते ते केस विंचरणाऱ्या हातांना का शिकवता येऊ नये?

गोंदियात ते अवघड नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत मुलींना पार्लरचा कोर्स शिकवणारे वर्ग चालतात. त्यात फेशियल आणि थ्रेडिंगबरोबर एक तास याचा ठेवता येईल. शिकवायला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आणि संरक्षण अधिकारी आहेत. आमच्या जमातींनी, महिला बचत गटांनी आणि नाभिक संघटनांनी तो तास मागायला हवा. १८९० चा वारसा त्यांचाच आहे.

या ईदला मी बाजींना लोखंड्यांच्या सभेची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “वो लोग तो बहुत सारे थे ना, भाई.” मी म्हणालो, हो, म्हणूनच जमले. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. १८१ हा नंबर कोणत्या नावाने जतन करू, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “तेलवाली लिख दो.”